दोन तव्यांमधला अंडरकट

अगं, दोन तव्यांचं विजेचं ग्रिल घेतलंस ते बरं केलंस. भाड्याच्या फ्लॅटमधल्या हातभर ओट्यावर ते मावतं तरी. पण त्यावर स्टेक करायचा म्हणतेस ना, तर जरा ऐक. दुकानदार यातलं काही सांगत नाही.

आधी ते उलटं करून तळाशी किती वॅट लिहिलेत ते बघ. सँडविचचा साधा टोस्टर सातशे-आठशे वॅटचा असतो. त्यात मांस भाजत नाही, आपल्याच पाण्यात उकडतं. पंधराशे ते दोन हजार वॅट हवेत. दोन हजार वॅट म्हणजे आपल्या २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर, तेव्हा चार्जर लावायच्या छोट्या सॉकेटच्या वाटेला जाऊ नकोस. गीझर-मायक्रोवेव्हचा मोठा १६ अँपिअरचा पॉइंट घे, आणि मल्टिप्लग तर नकोच. बिलाला घाबरू नकोस. पाव तास चाललं तरी अर्धं युनिट.

आता मांस. गाय-बैलाचं महाराष्ट्रात चालत नाही. गोहत्याबंदी कायद्यातल्या १९९५ च्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, तेव्हापासून बैलसुद्धा बंदीत आला. म्हणजे पुण्यात स्टेक म्हशीचाच. नाक मुरडू नकोस, नीट केला तर झकास लागतो. कॅम्पात जा आणि ‘अंडरकट’ माग. कण्याखालचा हा स्नायू जनावराला फारसा राबवावा लागत नाही, म्हणून तो मऊ. वरची पांढरी झिल्ली काढून घे आणि काप आडवे करून माग. (घरमालकाच्या करारात नॉनव्हेजबद्दल काय लिहिलंय, ते मात्र बाजाराला जायच्या आधी वाच.)

कापांची जाडी दोन ते अडीच सेंटिमीटर, आणि सगळे सारखे. एक जरी जाड निघाला तरी झाकण त्याच्यावरच टेकतं, बाकीचे वरून कोरडेच राहतात. पातळ पसंदे तर आणूच नकोस. दोन्हीकडून एकदम आच लागते, त्यामुळे रंग यायच्या आधीच ते आतून शिजून कडक होतात.

आणि खरा शत्रू कोण, तर पाणी. मांसाचा पृष्ठभाग ओला असेपर्यंत तो शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि तो खमंग तपकिरी रंग यायला साधारण १४० च्या पुढे जावं लागतं. उघड्या तव्यावर वाफ निघून तरी जाते. इथे वर झाकण, ती जाणार कुठे? म्हणून टिश्यूने टिपून टिपून अगदी कोरडं कर. मीठ एकतर पाऊण तास आधी लावून मग टिप, नाहीतर अगदी ग्रिलवर ठेवताना लाव. मधल्या वेळेत लावलंस तर नुसतं पाणी सुटतं. दही, आलं-लसूण वाटण असलं काही नको. लसूण जळून कडू होतो. कच्ची पपई मटणाच्या चिवट तुकड्यांना ठीक. अंडरकटला लावलीस तर वरचा थर गिजगिजीत होईल. नुसती मिरपूड पुरे.

दिवा ‘तयार’ म्हणाला तरी आणखी पाच मिनिटं थांब. तेल मांसाला चोळ, तव्यावर ओतू नकोस, धूर होतो. ठेवलं, झाकलं, की मधे उघडून बघायचं नाही आणि हाताने दाबायचंही नाही. तीनेक मिनिटांनी काट्याचा थर्मामीटर आडवा खुपसून बघ. मिळतो स्वस्तात, घेच. ६० दिसलं की बाहेर काढ. ताटलीत निवताना ते ६३ वर जातं. अखंड तुकड्याला ६३ आणि मग तीन मिनिटं विश्रांती, हा अमेरिकी कृषी खात्याचा सल्ला. हॉटेलात लोक याहून गुलाबी मागतात, पण उघड्यावर टांगलेलं मांस आणून मी तसलं धाडस करणार नाही. आणि ७० च्या वर गेलीस तर वहाण चावत बसशील. म्हशीच्या मांसात सावरून घ्यायला चरबीच नसते. चिकन असेल तर मात्र ७४ हवेतच.

मोलेदिना रोडवर ‘द प्लेस’मध्ये सिझलर येतो, तसा चर्र आवाज आणि धूर इथे शोधू नकोस. ती करामत तापलेल्या लोखंडी पाटाची आणि खालच्या कोबीच्या पानांची. श्रावणात याच ग्रिलवर पनीरचे जाड काप कर, टिपून घ्यायचा नियम तोच.

भाजून झालं की प्लग काढ, आणि तवे कोमट असतानाच ओला जाड टिश्यू मधे ठेवून झाकण लाव. चिकटलेलं सगळं सुटतं. सुरी, तारेची घासणी लागली की नॉनस्टिक गेलंच म्हणून समज. ताटलीत उतरलेल्या रसात मात्र लोण्याचा गोळा घाल आणि पाव बुडवून खा, मला बोलवायची वाट बघू नकोस.