चकतीचे माप आणि घाटाची उतरण

सिंहगडाच्या माथ्यावरून डोणज्याच्या बाजूस उतरणारा स्वार आणि त्याची सायकल यांचे एकत्रित वजन ९० किलो धरले व उतरण ६०० मीटरांची मानली, तर तेवढ्या उतरणीत सुमारे ५ लाख ३० हजार ज्यूल ऊर्जेचा कोठे तरी व्यय व्हावाच लागतो. पावणेदोन लिटर पाणी उकळीस आणावयाला जेवढी उष्णता लागते, जवळजवळ तेवढीच ही होय. वाऱ्याचा अवरोध आणि टायरांचे घर्षण यांत तिचा काही अंश जिरतो हे खरे. परंतु वळणावळणाच्या रस्त्यावर वेग आवरून उतरणाऱ्या शहाण्या स्वाराच्या बाबतीत मोठा हिस्सा ब्रेकच्या दोन पोलादी चकत्यांच्या वाट्यास येतो. या चकत्या बहुधा १.८ मिलिमीटर जाडीच्या आणि वजनाने शंभर ते दोनशे ग्रॅमांच्या असतात, हे ज्याने एकदा हिशेबात घेतले, त्याला चकतीचे माप ठरविणे ही केवळ हौसेची बाब वाटणार नाही.

डोंगरी सायकलीच्या इतिहासात ही उष्णता आरंभापासून हजर आहे. १९७६ सालापासून कॅलिफोर्नियात, फेअरफॅक्स गावानजीकच्या एका कच्च्या उतरणीवर, जुन्या जाड टायरांच्या सायकली घेऊन तेथील तरुण शर्यती लावू लागले, तेव्हा पेडल उलटे दाबल्यावर लागणारा मागच्या हबातील ब्रेक एवढा तापे, की आतले ग्रीस जळून धूर होई आणि पुढच्या फेरीपूर्वी हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. पुढे रिमवर दाबणारे ब्रेक आले व त्यांनी पुष्कळ वर्षे उत्तम सेवा केली; परंतु सह्याद्रीतील पावसाळ्यात रिमला लागलेला तांबडा चिखल रबराचे गुटके आणि रिम या दोहोंनाही किती त्वरेने खातो, हे आपल्याकडील स्वारांना निराळे सांगावयास नको. चकतीचा ब्रेक चिखलापासून वर, चाकाच्या मध्याजवळ असतो. त्याची श्रेष्ठता निर्विवाद आहे. मात्र त्याच्या जोडणीत हयगय चालत नाही, आणि ती कोठे होते हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमच्या मंडळींपैकी एक स्नेही वरंध घाटातून महाडच्या बाजूला उतरत असता त्यांचा पुढचा ब्रेक एकाएकी निकामी झाला. मागच्या ब्रेकच्या आधाराने आणि डोंगराकडील चरीत चाक घालून ते सावरले, म्हणून पुढचा अनर्थ टळला. जमलेल्यांपैकी प्रत्येकाचे प्रथम मत असे पडले, की ब्रेकच्या नळीतील तेलात हवा शिरली असावी. परंतु तेलात हवा असली अथवा तेल उकळून त्याची वाफ झाली, तर लिव्हर मऊ पडते व हँडलाच्या मुठीपर्यंत सहज येते. येथे तर लिव्हर बोटांना पूर्वीइतकीच कठीण लागत होती आणि चाक मात्र फिरत राहत होते. ज्या ब्रेकात दाब पोहोचतो पण पकड येत नाही, त्याचा दोष तेलात नसून पॅड आणि चकती यांच्या गाठीभेटीत शोधावा लागतो. म्हणून रस्त्याच्या कडेसच, पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरची खीळ काढून आम्ही दोन्ही पॅड बाहेर घेतले. प्रत्येक पॅडच्या वरच्या काठाशी, नखाने स्पष्ट जाणवावी अशी, सुमारे दीड मिलिमीटर रुंदीची एक कड उभी होती. तिच्याखालचा सारा पृष्ठभाग घासून खाली गेलेला, आणि ती कड तेवढी न झिजता राहिलेली. दोन्ही कडांचे माथे एकमेकांवर आपटून चकचकीत झाले होते. चकतीच्या वरून हे दोन काठ परस्परांस भिडत होते आणि लिव्हरचा सारा जोर त्या भेटीतच संपत होता. चकतीला पॅडचा स्पर्श जेमतेम होत होता.

याचे कारण चकतीवर आणि अ‍ॅडॅप्टरवर छापलेल्या दोन आकड्यांत होते. स्नेह्यांनी नुकतीच एका दुकानातून पुढची चकती मोठी करवून घेतली होती. त्या चकतीवर २०० हा आकडा होता, तर कॅलिपर उंच करण्यासाठी घातलेल्या अ‍ॅडॅप्टरवर २०३. शिमानो कंपनीच्या मोठ्या चकत्या २०३ मिलिमीटरच्या असतात व स्रॅम कंपनीच्या २०० मिलिमीटरच्या. दुकानात दोन्ही मापांचा माल शेजारीशेजारी टांगलेला असतो, आणि नुसत्या डोळ्यांना व्यासातील तीन मिलिमीटरांचा फरक कळत नाही. व्यासात तीन म्हणजे त्रिज्येत दीड. तेवढ्याने पॅडचा वरचा काठ चकतीच्या बाहेर राहिला. नव्या पॅडांवर पहिल्या दिवशी काहीच बाधा दिसत नाही, उलट ब्रेक चांगला लागतो. परंतु चकतीची जाडी १.८ मिलिमीटर असल्यामुळे प्रत्येक पॅड ०.९ मिलिमीटर झिजताच बाहेरचे काठ एकमेकांस टेकतात. दोष असा पाळतीवर बसून राहतो आणि नेमका लांब उतरणीवर प्रकट होतो, कारण पॅड झिजतात ते तेथेच. उलट चूक झाली, म्हणजे चकती २०३ ची आणि अ‍ॅडॅप्टर २०० चा असला, तर चकतीची धार कॅलिपरच्या पोटाला घासते आणि गोष्ट जागच्या जागी उघडकीस येते. त्या चुकीचे भय मला कमी वाटते.

म्हणून माझी पहिली शिफारस अशी, की सायकल दुकानातून घरी आणण्यापूर्वी चकतीवरील आकडा आणि अ‍ॅडॅप्टरवरील आकडा हे दोन्ही आपण स्वतः वाचावेत आणि फोर्कवरील मूळ बैठक कोणत्या मापाची आहे याची खातरजमा करावी. डोंगरी सायकलींच्या फोर्कांवर बैठकीचे दोन प्रकार प्रचारात आहेत: एकीत बोल्ट आडवे जातात व त्यांच्या छिद्रांत ५१ मिलिमीटरांचे अंतर असते, दुसरीत बोल्ट थेट फोर्कच्या आट्यांत शिरतात व ते अंतर सुमारे ७४ मिलिमीटर असते. हल्लीच्या फोर्कांवर बहुधा दुसरीच आढळते, आणि ती १६०, १८० किंवा २०० अशा एखाद्या चकतीसाठी जन्मतःच घडविलेली असते. त्याहून मोठी चकती घालावयाची तर मधला फरक अ‍ॅडॅप्टरने भरून काढावा लागतो. अ‍ॅडॅप्टरबरोबर लांब बोल्ट येतात, तेच वापरावेत. जुने आखूड बोल्ट आट्यांच्या दोनचार वेढ्यांवर लटकत राहतात. जोडणीनंतर चकतीच्या काठावर शाईच्या पेनाने आडवी रेघ ओढावी, चाक फिरवून ब्रेक काही वेळा दाबावा आणि रेघ कोठपासून कोठपर्यंत पुसली गेली ते पाहावे. ती अगदी बाहेरच्या धारेपर्यंत पुसली जाणे मापे जुळली असोत वा नसोत, दोन्ही प्रसंगी शक्य असल्याने एवढ्यावर न थांबता, पहिल्या थोड्या प्रवासानंतर पॅड काढून त्यांच्यावरील झिजेची खूण माथ्यापर्यंत पोहोचली आहे की नाही हेही तपासावे.

आता मापाविषयी. १६० ची चकती काढून १८० ची घातली, तर बोटांच्या तेवढ्याच जोरात रोधशक्ती सुमारे एक अष्टमांशाने वाढते. १८० वरून २०३ वर जाताना पुन्हा जवळजवळ तेवढीच वाढ मिळते. परंतु माझ्या मते शक्तीपेक्षा मोठा लाभ धातूच्या वाढीव राशीचा आणि पृष्ठभागाचा आहे: तीच उष्णता अधिक पोलादात वाटली जाते आणि वाऱ्याला ती लवकर सोपविता येते. हलक्या अंगाच्या आणि सौम्य टेकड्यांवर फिरणाऱ्या स्वाराला पुढे १८० व मागे १६० पुरेशी होतात. ज्याला सामानासह घाट उतरावयाचे आहेत, किंवा ज्याचे वजन ८० किलोंच्या पुढे आहे, त्याने पुढे २०० अथवा २०३ आणि मागे १८० घ्यावी. विजेच्या मोटरीची जड सायकल असेल तर मागेही मोठी घेण्यास हरकत नाही. पुढची चकती मोठी ठेवण्याचा शिरस्ता सकारण आहे, कारण वेग आवरताना भार पुढच्या चाकावर येतो आणि खरे काम तेथेच होते. मागे अतिरिक्त शक्ती दिली तर हलके झालेले चाक घसरू लागते. मोठी चकती निव्वळ फायद्याचीच असते असे मात्र नव्हे. ती जड असते, सामानाच्या धक्क्याने लवकर वाकते, आणि सुट्या खडीवर नवख्या बोटांना तिची पकड अवाजवी वाटू शकते. शिवाय प्रत्येक फोर्कसाठी त्याच्या कारखान्याने चकतीची कमाल मर्यादा ठरवून दिलेली असते. तिचे उल्लंघन करावयास कोणी कितीही आग्रह केला तरी कबूल होऊ नये. बैठकीवर येणारा पीळ फोर्कच्या पायालाच सोसावा लागतो.

हबावर चकती सहा बोल्टांनी बसते किंवा मधल्या दातेरी बैठकीवर एका मोठ्या कडीने आवळली जाते. सहा बोल्ट असतील तर एक आवळून लगेच शेजारचा न घेता समोरासमोरचे क्रमाने, थोडे थोडे आवळावेत. कडी मात्र ४० न्यूटन मीटर इतकी घट्ट लागते, आणि तो अंदाज हाताने येत नाही, म्हणून मापाचा पाना मागून घ्यावा. चाक काढलेले असताना लिव्हर दाबू नये. पिस्टन बाहेर येतात आणि चकती परत आत जाईनाशी होते. तेलाविषयी एवढेच, की खनिज तेलाच्या ब्रेकात डॉट द्रव किंवा डॉटच्या ब्रेकात खनिज तेल घातले तर आतल्या रबरी वाट्या फुगून नासतात. आणि डॉट द्रव हवेतील ओल शोषतो, त्यामुळे डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंशांचा असतो तो भिजल्यावर १५५ अंशांपर्यंत घसरू शकतो. कोकणासारख्या दमट मुलखात तो वर्षाकाठी बदललेलाच बरा. काही स्वस्त चकत्यांवर केवळ राळेचे पॅड वापरण्याविषयी सूचना कोरलेली असते. तेथे धातुमिश्रित पॅड घातले तर चकती झपाट्याने झिजते. किमान जाडीही चकतीवरच लिहिलेली असते, १.८ च्या चकतीसाठी ती बहुधा १.५ मिलिमीटर असते.

झटपट उघडणाऱ्या खिट्टीचे चाक असेल, तर खिट्टी पूर्ण बंद करून तिचा दांडा चकतीपासून दूर राहतो की नाही हे पाहिल्याशिवाय निघू नये. २०१५ साली एका मोठ्या सायकल कारखान्याने सुमारे दहा लाख सायकली दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या, त्या याच कारणाने: सैल राहिलेला दांडा फिरत्या चकतीत अडकू शकत होता.

नवी चकती आणि नवे पॅड घेऊन थेट घाटात जाणे मला अत्यंत गैर वाटते. सपाट, मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेग घ्यावा, एकच ब्रेक घट्ट परंतु चाक न अडकविता दाबून चालण्याच्या गतीपर्यंत यावे, आणि असे प्रत्येक ब्रेकसाठी वीसेक वेळा करावे. त्यानंतर थोड्या अधिक वेगाने आणखी दहाएक वेळा. पॅडच्या द्रव्याचा पातळ थर चकतीवर समप्रमाणात बसला, की पकड हळूहळू वाढत गेल्याचे बोटांना आपोआप कळते. पावसात ओली चकती आरंभी ओरडते व पाणी उडाल्यावर गप्प होते, त्याची चिंता करू नये. कोरड्या दिवशी ओरडणे थांबत नसेल आणि पकडही कमी असेल, तर साखळीवर मारलेल्या फवाऱ्याचे तेल किंवा हातांचा ओशटपणा चकतीला लागला असण्याचा संभव मोठा. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पुसून घ्यावी. पॅड मात्र घासून किंवा तापवून क्वचितच पूर्ववत होतात, त्यांची नवी जोडी आणावी आणि वीस वेळांचा तो उपक्रम पुन्हा पहिल्यापासून करावा.