जाऊबाईंना हो म्हण

हो म्हण. जाऊबाईंनी तोंडाने विचारलंय ना, मग आधी त्यांना हो म्हणून टाक. खर्च, व्हिसा, स्वेटर यांचं मागाहून बघू. 'दोघी बायका, त्यातून जावाजावा, नॉर्वेत जाऊन काय करणार?' असं तळेगावात कुणीतरी म्हणेलच. म्हणू दे. एकाच चुलीवर इतकी वर्षं निभावलेल्या बायकांना एका जहाजावर काय जड जाणार आहे?

मे महिन्यात वावर सोडून निघायचं कसं, हा तुझा पहिला प्रश्न. अगं, तुमची बाग मृगाच्या बहाराची. फेब्रुवारी-मार्चमध्ये संत्र्याचा तोडा झाला, व्यापाऱ्याचा पैसा हातात आला की पुढे पाऊस पडेपर्यंत झाडांना ताणच द्यायचा असतो. पाणी तोडलेल्या बागेला मे महिन्यात तुम्हा दोघींची काय गरज? आंबिया बहार असता तर मी स्वतःच म्हटलं असतं, थांब. तेव्हा झाडावर कोवळी फळं असतात, उन्हाने गळायला लागतात, ओलिताची एक पाळी चुकवून चालत नाही. तुमचं तसं नाही. घरी दोघे भाऊ आहेत, पोरं हाताशी आली आहेत. तेवढे दिवस पोळ्या कोण लाटणार, ते त्यांनाच ठरवू दे. तू आधीपासून डबे भरून ठेवू नकोस, एवढं माझं ऐक.

आणि आपल्याकडे अंगाची लाही होते तेव्हा तिकडे नुकता वसंत आलेला असतो. मी मे महिनाच सांगते, त्याचं कारण पाणी. डोंगरमाथ्यावर हिवाळाभर साठलेला बर्फ मे-जूनमध्ये वितळतो, आणि कड्याकड्यावरून धबधबे कोसळायला लागतात. गाइरांगर नावाच्या फियोर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यात, एका कड्यावरून शेजारी शेजारी सात धारा पडतात, त्यांना तिथे 'सात बहिणी' म्हणतात. समोरच्या कड्यावर एकच धबधबा आहे, त्याचं नाव 'मागणी घालणारा'. तो युगानुयुगं त्या सातजणींना मागणी घालतोय आणि त्यातली एकही हो म्हणत नाही, अशी तिकडची गोष्ट. उन्हाळा सरता सरता यातल्या काही बहिणी पार रोडावतात. बघायच्या तर भर पाण्यातच बघाव्यात. मात्र एक आधीच सांगते. आकाशात हिरवे उजेड नाचतात तो देखावा मे महिन्यात दिसत नाही, कारण रात्र काळी होतच नाही. कुणी एजंट तसं आमिष दाखवत असेल तर त्याच्याकडे पैसे भरू नकोस.

मला तुला खरं पाठवायचंय ते हार्डांगरला. बर्गन शहरापासून जवळच हा १७९ किलोमीटर लांबीचा फियोर्ड आहे, आणि त्याच्या काठाच्या उतारांवर बागाच बागा आहेत. सफरचंदं, चेरी, आलुबुखार. मेच्या मध्यापासून पुढे, थंडीच्या मानाने आठवडाभर इकडे तिकडे, ही सगळी झाडं फुलतात. खाली गडद पाणी, मध्ये पांढरा-गुलाबी बहार, वर डोंगरावर अजून बर्फ. लोफ्टहुस आणि उल्विक ही तिथली गावं. मध्ययुगात मठांतल्या साधूंनी तिकडे फळझाडांची लागवड शिकवली असं मानतात, आणि आजही तिथल्या घराघरांचं पोट फळांवर चालतं. तू आणि जाऊबाई त्या बागेत उभ्या राहाल तेव्हा इतर प्रवाशांसारखे नुसते फोटो काढणार नाही. खोडाला काय लावलंय, दोन झाडांत अंतर किती, छाटणी कशी केलीय, हेच आधी बघाल. आपल्याकडे बहारावर गारपीट येते तशी त्यांची धास्ती उशिराच्या दहिवराची असते. एका रात्रीत फुलं करपतात. पण फियोर्डचं पाणी हिवाळ्यातही ऊब धरून ठेवतं, त्यामुळे साठाव्या अक्षांशावरसुद्धा तिथे फळ धरतं. हे तुला कुठल्याही माहितीपत्रकात मिळणार नाही आणि तुझ्याइतकं ते कुणाला कळणारही नाही. दोन दिवस तिथेच राहा. जहाज त्यानंतर.

आता जहाज. चौदा-पंधरा मजली, पोहण्याचे तलाव आणि रात्रीचे नाचगाणे असलेली मोठी जहाजं तुला सगळे सुचवतील. त्यात वाईट काही नाही, पण तुम्हा दोघींना शांतता हवीय, आणि शांततेसाठी मी किनाऱ्याच्या टपालजहाजाचं नाव घेईन. हुर्तिगरूटन. रिकार्ड विथ नावाच्या कप्तानाने १८९३ साली ही सेवा सुरू केली. त्याआधी उत्तरेकडच्या गावांना हिवाळ्यात पत्र पोचायला महिनेच्या महिने लागत, कारण रात्रीच्या अंधारात त्या खडकाळ किनाऱ्याने जायला कुणी धजत नसे. विथने होकायंत्र आणि घड्याळ यांच्या आधारे वाटेच्या नोंदी ठेवल्या आणि रात्रीही जहाज हाकलं. आज बर्गनहून वर रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत ही जहाजं चौतीस बंदरं घेत जातात. जायला सात दिवस, जाऊन-येऊन बारा. २०२१ पासून हाविला नावाची दुसरी कंपनीही याच मार्गावर आहे. ही समुद्रावरची एसटीच आहे असं समज. आपल्या तळेगावच्या आगारातून सुटलेली गाडी फाट्याफाट्यावर थांबत जाते, तसं हे जहाज रात्री-बेरात्री एखाद्या चिमुकल्या धक्क्याला लागतं, दोन माणसं उतरतात, चार खोकी चढतात आणि ते पुढे निघतं. प्रवासी म्हणून तुला काहीही करायचं नसतं. काचेशी बसायचं आणि एक देश हळूहळू सरकताना बघायचा.

फक्त जातानाचा प्रवास घे, येताना किर्केनेसहून विमान. आणि पैसे भरण्याआधी विचारून घे की तुझ्या तारखांना जहाज कोणत्या फियोर्डमध्ये आत शिरतं. गाइरांगरला ते वर्षभर जात नाही, उन्हाळ्याच्या ठरावीक महिन्यांतच जातं. ते चुकलं तरी हळहळू नकोस. बर्गनहून रेल्वे आणि बस करून एका दिवसात नेरॉयफियोर्ड बघता येतो. युनेस्कोने २००५ मध्ये गाइरांगर आणि नेरॉय या दोघांना एकत्रच जागतिक वारशात घेतलं. नेरॉय एका जागी फक्त अडीचशे मीटर रुंद आहे, आणि दोन्ही बाजूंना हजार मीटरहून उंच कडे. २०१८ पासून तिथे बॅटरीवर चालणारी बोट आहे. इंजिनाची घरघर नाही, धूर नाही. दोन तास नुसतं पाणी कापल्याचा आवाज आणि वरून येणारे धबधबे. मी तिथे होते तेव्हा बोटीवरची लहान मुलंही दबक्या आवाजात बोलत होती.

पाण्याची भीती वाटते म्हणालीस. वाटणारच. आपण वर्ध्याच्या बायका, तू पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण. पण फियोर्ड म्हणजे उघडा समुद्र नव्हे. लाखो वर्षं बर्फाच्या नद्यांनी डोंगर कोरत कोरत खोल दऱ्या केल्या, बर्फ वितळल्यावर त्यांत समुद्र आत आला. नॉर्वेतला सगळ्यात लांब सोग्नेफियोर्ड २०५ किलोमीटर आत शिरलाय. नागपूरहून निघून तळेगाव मागे टाकून अमरावतीच्याही पुढे जावं, इतका. खोली १,३०० मीटर. तोंडाशी मात्र तो उथळ असतो, आणि दोन्हीकडे डोंगरांचा आडोसा, म्हणून आतलं पाणी बहुतेक वेळा निवांत असतं. टपालजहाजाच्या वाटेत मात्र काही ठिकाणी मोकळा समुद्र लागतो. स्टाड नावाचं टोक त्यासाठी प्रसिद्धच आहे. तेवढ्यासाठी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमधची खोली माग, तिथे हेलकावे कमी बसतात. डॉक्टरांना विचारून गोळी जवळ ठेव. आलेपाक तर आपल्याकडे असतोच.

हे झालं पाण्याचं. मला खरं बोलायचंय ते जाऊबाईंविषयी.

तू लग्न होऊन त्या घरात गेलीस तेव्हापासून तुमच्या दोघींचं बोलणं मी ऐकत आलेय. ते सगळं कामाचं. कणिक मळली का, मजुरांचा चहा गेला का, सासूबाईंची गोळी दिली का. भांडणंही कामावरूनच. तुम्ही दोघी शेजारी बसून, तिसऱ्या कुणी वाढलेलं गरम अन्न एकाच वेळी जेवलात, असं घरात कधी झालंय? नेहमी एक वाढते आणि एक जेवते. जहाजावर पहिल्याच दिवशी काय होईल सांगू? जाऊबाई ताट हातात घेऊन उभ्या राहतील, तू बसायची वाट बघत. त्यांना हाताला धरून बसव. दोन दिवसांत सवय होईल.

खोली लहान असते, दोन पलंगांत हातभर अंतर. म्हणून काही गोष्टी निघण्याआधीच बोलून घ्या, घरी नको, बागेत जाऊन बोला. पैसे दोघींनी सारखे काढून एका पाकिटात ठेवायचे आणि वरचा खर्च त्यातून करायचा, म्हणजे कॉफी कुणी पाजली याचा हिशेब मनात राहत नाही. नॉर्वे फार महाग देश आहे, हा हिशेब तिथे लवकर सुरू होतो. घरी फोन दिवसातून एकदाच, आणि तोही दोघींनी मिळून. त्यांचे गुडघे दुखतात, तर चढणीच्या सहली तू एकटीने कर आणि त्यांना खिडकीशी सोडून जाताना जिवाला लावून घेऊ नकोस. त्यांनाही थोडा वेळ एकटीला हवा असेल. इतक्या माणसांच्या घरात त्यांना तो कधी मिळाला?

आणि त्या बोलल्या तर ऐकून घे. मेच्या मध्यानंतर तिकडे उत्तर टोकाला सूर्य मावळतच नाही. रात्री बारा वाजताही तांबूस ऊन असतं, झोप यायला वेळ लागतो, आणि अशा वेळी बाई आजवर न बोललेलं बोलते. जाऊबाईंच्या पोटात पुष्कळ काही आहे. थोरली म्हणून त्यांनी ते कुणाला दाखवलं नाही. तू सल्ला देऊ नकोस, घरी आल्यावर विषय काढू नकोस. तिकडचं तिकडेच राहू दे. हे मी माझ्या मैत्रिणीबरोबर त्याच जहाजावर शिकले. म्हणूनच सोबत कोणाची आहे याला मी ठिकाणाहून जास्त मानते.

मला मात्र 'ताई, तूही चल' म्हणू नकोस. मनातून मला फार यावंसं वाटेल. पण मी आले की आपण बहिणी बहिणी होऊ आणि जाऊबाई पाहुण्या होतील. ही सहल त्यांनी तुझ्याजवळ मागितलीय.

आता कामाचं. तारखा अशा धर की १७ मे बर्गनमध्ये सापडेल. १८१४ साली त्या दिवशी त्यांनी आपली राज्यघटना केली. रस्त्यावर शाळेतल्या मुलांच्या मिरवणुका निघतात आणि बायका आपापल्या भागाचा ठेवणीतला पोशाख, चांदीचे दागिने घालून बाहेर पडतात. दोघीही एकेक रेशमी साडी न्या, आत लोकरीचं घाला आणि त्या दिवशी नेसा. दुकानं बंद असतात, तेव्हा खाण्याचं आदल्या दिवशी आणून ठेवा. बर्गनमध्ये पाऊस सारखा असतो, छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट कामाचा. झोपताना डोळ्यांवर बांधायला काळा रुमाल. भाजणी, चिवडा, सुक्या चटण्या न्या, पण तूप, पेढे, खव्याचं काही नको. आपल्याकडून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला तिकडे बंदी आहे. शाकाहारी जेवणाचं जहाजाला आधी लेखी कळव.

व्हिसा शेंगेनचा लागेल. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. एखादी स्वस्त सहल इंग्लंडच्या बंदरातून निघणारी असेल तर तिला इंग्लंडचा वेगळा व्हिसा लागतो, मग ती स्वस्त राहत नाही. तुझा पासपोर्ट आहे, जाऊबाईंचा नाही. त्यांच्या आधारवर सासरचं नाव आहे आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, म्हणजे लग्नाचा दाखला काढून ठेवलेला बरा. तोडा सुरू झाला की तुम्हाला दोघींना उसंत मिळायची नाही, तेव्हा हे काम दिवाळीच्या आत उरका. त्यांना घेऊन पासपोर्टसाठी नागपूरला याल तेव्हा मुक्काम माझ्याकडेच. स्वयंपाक मी करीन, आणि दोघींना एकाच पंगतीला वाढीन.