पाणी मोजण्याची विद्या



औंढे येथील एका वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हांला विचारले, "साहेब, आमच्याकडं पावसाळ्यात आभाळ फाटतं. आम्हाला पाणी मोजायचं शास्त्र कशाला? अन् नातू म्हणतो, त्यात मोठी डिग्री असते!"

प्रश्न रास्त आहे. लोणावळा भागात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे एकरी सुमारे १ कोटी ६० लाख लिटर! पण बहुतेक सगळा चार महिन्यांत येतो आणि उतारावरून ओढ्याला जातो. ऊस तर एप्रिल-मेमध्येही पाणी मागतो. पडले किती, वाहिले किती, मुरले किती, पिकाने उचलले किती, हा हिशेब शिकण्यासाठीच ती डिग्री असते.

ही विद्या आपल्या जिल्ह्याला नवी नाही. खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आज धरणांच्या व नद्यांच्या प्रतिकृतींसाठी ओळखले जाते. त्याची सुरुवात १९१६ साली मुंबई इलाख्याने केली, ती सिंचनाची पद्धत शेतीच्या गरजेप्रमाणे सुधारण्यासाठी. दख्खनच्या कालव्यांखाली चांगल्या जमिनी चिबड होत होत्या, मीठ फुटत होते. इंग्लिस या अभियंत्याने त्याचा अभ्यास केला. पाणी आले, पण निचरा आला नाही, हे त्या दुखण्याचे मूळ. जादा पाण्याने ऊस पोसतो असे मानणारे आजही भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात (स्थापना १९६८) कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. बारावीला शास्त्र शाखा घेऊन, प्रवेशपरीक्षा देऊन चार वर्षांची बी.टेक., पुढे दोन वर्षांची एम.टेक. करता येते. तेथे सिंचन व निचरा हा स्वतंत्र विषय आहे. एम.टेक.च्या विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. त्यासाठी वाफ्यात पाणी मोजून द्यायचे, माती काढून ओल तपासायची, शेवटी वजनकाट्यावर ऊस तोलायचा. मुलींनीही हे शिक्षण जरूर घ्यावे.

अशा प्रयोगांतूनच मोठ्या बांधणीच्या उसाला एका पाळीस साधारण ८ सेंटिमीटर पाणी, ही शिफारस आली. बाष्पीभवन पात्रातून ७५ मिलिमीटर पाणी उडाले की पुढची पाळी. उन्हाळ्यात हे लवकर होते, थंडीत उशिरा. "दर आठ दिवसांनी" हा ठोका त्यात बसत नाही.

आता घरचे गणित. पंपाच्या तोंडाशी २०० लिटरचा बॅरल ठेवा आणि घड्याळ लावा. २० सेकंदांत भरला, तर सेकंदाला १० लिटर, तासाला ३६,००० लिटर. एकरावर ८ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ३ लाख २४ हजार लिटर, म्हणजे ९ तास. रात्री मोटर चालू करून सकाळी बंद केली, तर १२ तास झाले. वरचे तीन तासांचे पाणी मुळांखाली गेले, जाताना युरियाही घेऊन गेले. मुरमाड जमिनीत तर ८ सेंटिमीटरही टिकत नाही, तिथे थोडे पण लवकर द्यावे.

बॅरल भरायला लागलेले सेकंद आणि उसाचे क्षेत्र चिठ्ठीवर लिहून गट कार्यालयात द्यावे. पाळीचे तास आम्ही काढून देऊ.