इराला लेहला नेऊ नकोस

सातारा

चि. सौ. मृण्मयीस,


फोनवर बोलायला गेले की आपल्या दोघींचा आवाज चढतो आणि वहिनीला मधे पडावं लागतं, म्हणून लिहिते आहे. परवा देवळात तुझ्या नणंदेच्या सासूबाई भेटल्या. बोलता बोलता म्हणाल्या, मंडळी मेअखेरीस लेहला निघालीत, मुंबईहून विमानाने, तान्हीलाही नेतायत. मला वाटलं, त्यांची ऐकण्यात काही गल्लत झाली असेल. रात्री दादाला विचारलं तर तो गप्प बसला. दादा गप्प बसला म्हणजे बातमी खरी, हे तुलाही माहीत आहे.

अगं, इरा पाच महिन्यांची आहे. त्यातून दिवस भरायच्या आधी आलेली. पेटीत होती, नाकाला ऑक्सिजनची नळी होती, आणि तू टाके दुखत असताना त्या काचेला हात लावून उभी राहायचीस. मी पाहिलंय ते. त्या लेकराला साडेअकरा हजार फुटांवर न्यायचं?

डॉक्टर ‘हो’ म्हणाले, असं तू दादाला सांगितलंस. पण तू त्यांना विचारलंस काय? विमानाने फिरायला नेलं तर चालेल का, एवढंच ना? विमानाची मला काळजी नाही. चढता-उतरताना अंगावर घेतलीस, ती गिळत राहिली, की कानाला फारसा त्रास होत नाही. मला काळजी आहे ती विमान जिथे उतरतं तिथली. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे लेह त्याच्या दुपटीहून उंच. समुद्रकाठी एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो त्याच्या दोन तृतीयांशच तिथे मिळतो. हळूहळू चढत गेलं तर शरीराला सवय होते, पण विमान काही तासांत तिथे नेऊन सोडतं. धडधाकट माणसांनाही पहिले एक-दोन दिवस खोलीत पडून राहायला सांगतात. आदित्यराव म्हणतील डोकं ठणकतंय, तू म्हणशील मळमळतंय. इरा काय म्हणेल? ती किरकिर करेल, दूध ओढणार नाही, ओकेल, झोपणार नाही. आणि तुम्ही म्हणाल, प्रवासाने दमली असेल, दात येत असतील. जी पोर जन्मतःच श्वासासाठी झगडली, तिच्या बाबतीत मला हे ‘असेल’ नको आहे.

बरं, कळलं तरी पुढे काय? उंचीच्या या दुखण्याला खरा उतारा एकच, खाली येणं. महाबळेश्वरला काही झालं तर तासाभरात घाट उतरून वाईला येता येतं. लेहहून तसं नाही. श्रीनगरकडे निघालीस तर वाटेत फोटू ला हा घाट लागतो, चार हजार मीटरच्या वर. मनालीकडे निघालीस तर तांगलांग ला, तो त्याहूनही कितीतरी उंच. म्हणजे खाली यायला आधी वर चढायचं. राहिली विमानं. तीही बहुतेक सकाळचीच, आणि हवा बिघडली की रद्द. लेहमध्ये निदान मोठा दवाखाना तरी आहे. पण तुमचा एक मुक्काम पँगाँगलाही आहे म्हणे! तिथून लेहला यायला चार-पाच तास आणि मधे चांग ला. रात्री दोन वाजता पोरीच्या ओठांचा रंग बदलला तर तू काय करणार आहेस, मृण्मयी?

आणि तू? ती अजून पूर्णपणे अंगावर आहे. तुला उलट्या लागल्या, तू आडवी झालीस, तर तिच्या पोटात काय जाणार? त्या उंचीसाठी लोक ज्या गोळ्या घेतात, त्याही कुणी मैत्रिणीने सांगितल्या म्हणून परस्पर घ्यायच्या नाहीत. तुझ्या पोटात जाईल त्यातलं थोडं दुधातून तिच्या पोटात जातं.

आत्याला सगळीकडे भीतीच दिसते, असं मनात आणू नकोस. सुनील तान्हा होता तेव्हा यांच्या ऑफिसातली चार कुटुंबं एलटीसीवर काश्मीरला निघाली होती. यांनी आमचंही नाव घातलं होतं. सासूबाई म्हणाल्या, तान्हं पोर घेऊन कुठे हिंडता? झालं, नाव काढलं. मी ब्रसुद्धा काढला नाही. परत आल्यावर त्या बायका शिकाऱ्यातले फोटो दाखवत होत्या आणि मी सुनीलला मांडीवर थोपटत बघत होते. पुढे मुलांच्या शाळा, मग यांचं आजारपण. यांच्याबरोबर हिमालय बघायचा राहिला तो राहिलाच. श्रीनगर कळसूबाईपेक्षाही थोडं खालीच आहे, हे मला फार उशिरा कळलं. तिथे सुनीलला नेता आलं असतं गं. कुणा डॉक्टरला विचारायचंसुद्धा मला तेव्हा सुचलं नाही.

म्हणून तुला ‘घरात बस’ असं मी कधीच म्हणणार नाही. जा, पण लेहला नको. महाबळेश्वरला या. उंची साडेचार हजार फूट, हवा गार, आणि माझ्यापासून दोन तासांवर. शनिवार-रविवार टाळा, मेमध्ये घाटात गाड्यांची रांग लागते. इराला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसू नकोस, मागे तिच्या मापाच्या सीटमध्ये पट्टा लावून बसव आणि दूध पाजायला गाडी थांबवा. आणि तरीही लेहच मनात असेल, तर आधी तिच्या डॉक्टरांपुढे पेटीतले दिवस, परवाची सर्दी आणि साडेअकरा हजार फूट हा आकडा, हे तिन्ही ठेव. मग ते काय म्हणतात ते मला कळव. ती चार वर्षांची झाली, ‘आई, डोकं दुखतंय’ म्हणू लागली, की खुशाल जा.

फार बोलले. बारशाचे फोटो आज पुन्हा पाहत होते, तुझ्या डोळ्यांखाली केवढी वर्तुळं आलीत. तुला लेहपेक्षा सलग झोप हवी आहे, असं मला वाटतं. मला बोलावलंस तर मी महाबळेश्वरला येईन. रात्री तिला पाजून माझ्याकडे दे आणि शेजारच्या खोलीत जाऊन दार लावून झोप. आदित्यरावांबरोबर पहाटे फिरायला जायचं तर जा, तिची अंघोळ मी घालीन. डिंकाचे लाडू संपले असतील, पुढच्या आठवड्यात शेजारच्या मुलाबरोबर डबा पाठवते. खा, कुणाला वाटत बसू नकोस. रागावली असशील तर राग उतरल्यावर फोन कर, कितीही वाजता कर.

इराला गोड पापा.

तुझी,
आत्या