कानाला दहा ड्रायव्हर

शिक्रापूरच्या चाकण चौकाजवळ राहणाऱ्याला ड्रायव्हर म्हटलं की ट्रकचाच आठवतो. मी ‘दहा ड्रायव्हरचा’ इअरफोन मागवला तेव्हा वडील म्हणाले, “अरे, एवढ्या मोठ्या ट्रेलरला एक ड्रायव्हर पुरतो. तुझ्या कानाला दहा कशाला?” मी हसण्यावारी नेलं. साडेचार हजार मोजले होते ना!

पहिली गंमत मोजणीतच निघाली. दहा म्हणजे दोन्ही कानांचे मिळून. एका कानात पाचच. जाहिरातीत तसं लिहिलंही होतं, बारीक अक्षरात.

रांजणगावला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये भीमसेनांचा अभंग लावला. टाळ कानात टोचायला लागले, ‘स’ आणि ‘श’ शिटीसारखे, आणि पखवाज खोक्यावर थाप मारल्यासारखा. शेजारच्या सहकाऱ्याने त्याचा नऊशे रुपयांचा, एकाच ड्रायव्हरचा इअरफोन दिला. त्यात आवाज पुढे, टाळ मागे, जिथल्या तिथे.

चिडून वाचायला बसलो. साधा डायनॅमिक ड्रायव्हर म्हणजे छोटा स्पीकरच: चुंबक, तारेचं वेटोळं, पातळ पडदा. खर्जापासून टिपेपर्यंत सगळं तो एकटा वाजवतो. बॅलन्स्ड आर्मेचर ही जात श्रवणयंत्रांतून आली. ती इवलीशी असते, म्हणून एका कानात चारपाच मावतात आणि काम वाटून घेतात. यात थोतांड नाही. १९९५ मध्ये जेरी हार्वी यांनी ड्रमवादक ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी दोन ड्रायव्हरचा इअरफोन केला, तो रंगमंचाच्या गोंगाटात स्वतःचं वादन ऐकू यावं म्हणून.

खरी मेख वाटणीत आहे. स्वर एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे जातो तिथे दोघांचा मेळ चुकला, तर काही स्वर दबतात, काही फुगतात. ड्रायव्हर वाढवणं सोपं, ही जुळणी कठीण आणि महाग. उलट एटिमोटिकचा १९९१चा ईआर-४ प्रत्येक कानात एकाच आर्मेचरवर नावाजला गेला. सेनहायझरचा २०२१चा आयई ९००, निघाला तेव्हा तेराशे डॉलरचा, त्यातही सात मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर.

पण सगळा दोष ड्रायव्हरांचा नव्हता, हेही कबूल करतो. इअरफोनच्या टोकावरचे मधल्या मापाचे रबर मी तसेच वापरत होतो आणि ते माझ्या डाव्या कानात सैल बसत होते. फट राहिली की खर्ज आधी पळतो. तो शोधायला मी आवाज वाढवत गेलो, आणि बसच्या घरघरीत किती वाढवला ते कळलंच नाही. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास एवढीच मुभा देते. मोठे रबर घातल्यावर पखवाज परत आला. टाळांचं टोचणं मात्र फोनच्या इक्वलायझरने थोडंच कमी झालं.

तेव्हा घ्यायला गेलात तर ड्रायव्हरांचा आकडा विचारू नका. पाठ असलेलं एक गाणं घेऊन जा. दोन इअरफोन ताडून बघताना दोन्हींचा आवाज सारखाच ठेवा, कारण जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि तिथेच गिऱ्हाईक फसतं. रबर बदलून बघा. ऑनलाइन घेत असाल तर उघडलेला इअरफोन परत घेतात का, हे पैसे भरण्याआधी वाचा. मी वाचलं नव्हतं.

तो दहावाला आता धाकट्या भावाकडे आहे. तो भजनं ऐकत नाही, सिनेमे बघतो, आणि त्याला तो फार आवडतो.