वाकळेचं दुकान कुठं मांडायचं?

अगं, परवा रात्री तुझा फोन आला आणि आपलं बोलणं अर्ध्यावरच राहिलं. 'ताई, एकच सांग, शॉपिफाय घेऊ का अ‍ॅमेझॉनवर जाऊ?' असं तू विचारलंस आणि मी 'बघू' म्हणून फोन ठेवला. ते 'बघू' मला दोन दिवस टोचतंय. सहा वर्षं झबली-दुपटी ऑनलाइन विकताना जे शिकले, त्यातलं निम्मं पैसे घालवून शिकले. ते तुला नीट सांगायला हवं होतं. आता पोरं शाळेत गेलीत, घर शांत आहे. तूही ती तुझी निळी वही घेऊन बस.

वही का, ते सांगते. दिवाळीला आले होते तेव्हा तू आतल्या खोलीत टाके घालत होतीस आणि मी ती वही पहिल्या पानापासून चाळली. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एकेक ऑर्डर तू किती नीट लिहून ठेवली आहेस. नाव, गाव, पिनकोड, माप, पैसे कसे आले, कधी पाठवली. ४७ ऑर्डरी मोजल्या मी. त्यातल्या ३१ जणींनी घरातल्या जुन्या साड्या पाठवून त्यांची वाकळ शिवून घेतली आहे. कुणाच्या गेलेल्या आईची नऊवारी, कुणाच्या आजीचं इरकल. एका पानावर तू लिहिलंस, 'हिरवा काठ उशाकडे. पदर कापायचा नाही, आत दुमडून घालायचा.' ही ओळ वाचली तेव्हाच मला कळलं, की तुझं दुकान कुठं मांडायचं ते याच वहीतून ठरणार आहे.

असं बघ. अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो म्हणजे भरलेला बाजार. गिऱ्हाईक आधीच फिरतंय, आपण फक्त जागा धरायची. मीशोनं २०२१ मध्ये विक्रेत्यांकडून कमिशन घेणं बंद केलं, तेव्हा माझ्या ओळखीच्या बऱ्याच बायका तिकडं वळल्या आणि कुर्ते, बेडशीट विकणाऱ्यांना ते जमलंही. पण तिथं माल तयार लागतो. फोटोत दिसतो तोच, त्याच मापाचा, ऑर्डर आली की एक-दोन दिवसांत घराबाहेर पडणारा. तुझ्या वाकळेला पंधरा दिवस लागतात आणि तुझ्या हातच्या दोन वाकळा कधी सारख्या होत नाहीत. आधी साड्या तुझ्याकडे यायच्या, मग काठ कुठं, पदर कुठं यावर बोलणं व्हायचं. त्या बाजारात या बोलण्याला जागाच नाही.

आणि बाजारातलं गिऱ्हाईक बाजाराचं असतं. त्याचा फोन नंबर तुझ्या वहीत येत नाही. तुझ्या ४७ मधल्या ९ जणींनी दुसऱ्यांदा मागवलीय, बहिणीसाठी, सुनेसाठी. त्या परत आल्या, कारण त्यांच्याकडे तुझा नंबर होता आणि तुझ्याकडे त्यांचा. कुठलाही प्लॅटफॉर्म निवडताना मी आता पहिल्यांदा हेच बघते, की गिऱ्हाईक माझं राहतं का. बाकीचं सगळं नंतर.

बाळाच्या छोट्या दुपट्यांची गोष्ट निराळी. ती तू एका मापाची, एका नक्षीची दहा-दहा शिवून ठेवू शकतेस. ती तिथं ठेव खुशाल. अ‍ॅमेझॉनचा 'कारीगर' आणि फ्लिपकार्टचा 'समर्थ' हे कार्यक्रम हातानं वस्तू करणाऱ्यांसाठीच आहेत, त्यांचे नियम वाचून बघ. दुपटं बघून कुणी तुझं नाव शोधत आलं तर चांगलंच.

वाकळेसाठी मात्र तुझं स्वतःचं दुकान हवं. त्यातही दोन तऱ्हा आहेत, भाड्याचा गाळा किंवा स्वतःचं घर.

शॉपिफाय म्हणजे भाड्याचा गाळा. टोबियास ल्युटके नावाच्या माणसाला कॅनडात ओटावाला स्नोबोर्ड विकायचे होते, मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्यानं २००४ मध्ये स्वतःच लिहिलं आणि २००६ पासून ते इतर दुकानदारांना द्यायला लागला. वापरताना जाणवतं, की हे दुकान चालवलेल्या माणसानं केलंय. ऑर्डरींची यादी, साठा, पत्त्याचं लेबल, सगळं हाताशी. सर्व्हर बंद पडला, कुणी घुसखोरी केली, तर ती त्यांची काळजी.

स्वतःचं घर म्हणजे वूकॉमर्स. वर्डप्रेसवर बसतं, २०११ पासून आहे, आणि फुकट आहे. या 'फुकट'वर मी भाळले होते. होस्टिंग वेगळं, बॅकअप आपण घ्यायचा, दर काही आठवड्यांनी अपडेट करायचं, आणि एखाद्या अपडेटनंतर पैसे भरायचं बटणच चालेनासं झालं तर रात्री बारा वाजता ते आपणच शोधायचं. माझ्या घरात हे बघणारं माणूस आहे म्हणून निभावलं. तुझ्याकडे नाही. तुझी बोटं सुईवर चालायला हवीत, अपडेटवर नाही. म्हणून तू भाड्याचा गाळाच घे, हे माझं स्पष्ट मत.

आता भाडं. जाहिरातीत महिन्याचा आकडा मोठ्या अक्षरात असतो, पण खर्च ऑर्डरमागे मोजायचा. तुझी वाकळ २२०० रुपयांची धरू. पेमेंट गेटवे सहसा २ टक्के घेतात, म्हणजे ४४ रुपये, आणि त्या ४४ वर १८ टक्के जीएसटी, जवळजवळ ८. झाले ५२. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, त्यामुळे आपल्याला बाहेरचा गेटवे जोडावा लागतो, आणि बाहेरचा जोडला की त्यांच्या बेसिक योजनेत शॉपिफाय आणखी २ टक्के घेतं. हे फार जणींना पहिलं बिल आल्यावर कळतं. म्हणजे आणखी ४४. भाडं महिन्याला दीड हजार धरलं आणि वाकळा बारा गेल्या, तर वाकळेमागे १२५. एकूण सव्वादोनशेच्या घरात. हे पैसे आधीच किमतीत धर, नाहीतर टाके तुझे आणि नफा दुसऱ्याचा. इन्स्टामोजो, 'दुकान' नावाचं अ‍ॅप अशा आपल्याकडच्या सेवांचंही हेच गणित वहीच्या मागच्या पानावर मांड आणि मग शेजारी शेजारी ठेवून बघ. गिऱ्हाइकानं थेट यूपीआयनं तुझ्या खात्यात भरले तर हा गेटवेचा खर्चच नाही. सध्या वहीत तसंच चाललंय, आणि महिन्याला चार-पाच ऑर्डरी असेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग नि यूपीआय पुरेसं आहे गं. गाळा घ्यायची घाई करू नकोस. दहाच्या वर सलग तीन महिने गेल्या की घे.

पण एक गोष्ट आजच्या आज कर. डोमेन घे, आणि स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलनं, स्वतःच्या पैशांनी घे. हे सांगताना अजून माझा आवाज चढतो. माझी पहिली वेबसाइट एका ओळखीच्या मुलानं करून दिली होती. डोमेन त्यानं त्याच्याच खात्यावर घेतलं, मीही विचारलं नाही. दोन वर्षांनी तो नोकरीला दुसऱ्या शहरात गेला, नूतनीकरणाचं ईमेल त्याच्या जुन्या पत्त्यावर येत राहिलं आणि एका सकाळी माझं दुकान उघडेना. पिशव्यांवर, कपड्यांच्या लेबलांवर, सगळीकडे तेच नाव छापलेलं. ते नाव मला परत मिळालंच नाही. त्या मुलाच्या मनात वाईट नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं. वर्षाला थोड्या पैशांचं काम होतं.

मोठ्या कंपन्यांचंही काही सांगता येत नाही. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून फुकट वेबसाइट करता यायची, आठवतं? आपल्या कागलच्या कितीतरी दुकानांची होती. मार्च २०२४ मध्ये गुगलनं त्या सगळ्या बंद केल्या. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं त्यांनी ते दुसरीकडे वळवलं. म्हणून गाळा कुणाचाही असो, पाटी तुझी हवी. आणि महिन्याच्या एक तारखेला गिऱ्हाइकांची आणि ऑर्डरींची यादी फाइल करून उतरवून घे. ती फाइल जिथून उतरवता येत नाही, तिथं दुकान मांडू नकोस.

आता टेप घे. हो, शिवणाची टेप. कपाटातली एखादी तयार वाकळ घडी करून खोक्यात घाल आणि मोज. मी दिवाळीत मोजली होती. ४५ सेंटिमीटर लांब, ४० रुंद, २० उंच. वजन अडीच किलो. पण कुरिअरवाले नुसतं काट्यावरचं वजन बघत नाहीत. लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून त्याला बहुतेक जण ५००० नं भागतात, आणि काट्यावरचं वजन नि हे वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. तुझ्या खोक्याचं ते वजन येतं ७.२ किलो! अडीच किलोच्या वाकळेला सव्वासात किलोचं भाडं. तीच वाकळ हवा काढायच्या प्लास्टिक पिशवीत घालून दाबली, की उंची ९ सेंटिमीटरवर येते आणि वजन सव्वातीन किलोच्या आसपास. हे मी पुण्याला परत आल्यावर माझ्या रजईवर करून बघितलं. तेव्हा प्लॅटफॉर्म बघताना हे विचार, की वस्तूची लांबी-रुंदी-उंची भरता येते का आणि त्यावरून कुरिअरचा दर गिऱ्हाइकाला तिथंच दिसतो का. नुसतं वजन घेणारं दुकान तुला प्रत्येक पार्सलमागे खड्ड्यात घालेल.

कॅश ऑन डिलिव्हरी बंद करता यायला हवी. साड्या गिऱ्हाइकाच्या असतील तर तर नकोच. पंधरा दिवस बोटं दुखवून शिवलेली वाकळ दारातून परत आली, तर जायचं नि यायचं भाडं तुझं, आणि ती दुसऱ्या कुणाला विकताही येणार नाही. दुसऱ्याच्या आईची साडी कोण घेणार? निम्मे पैसे आधी, निम्मे फोटो बघितल्यावर. वहीत तू हेच करतेस. असे दोन टप्प्यांत पैसे घेता येतात का, आणि ऑर्डर देताना 'काठ कुठे, पदर कुठे' लिहायला चौकट ठेवता येते का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय कुणाला कार्ड नंबर देऊ नकोस.

आणि निपाणीच्या मावशींचं काय ते. वहीत त्यांची ऑर्डर बघितली आणि चटकन लक्षात आलं. आपल्या कागलहून निपाणी अर्ध्या तासावर आहे, नागपूरला पोचायला रात्र लागते. पण कायद्याच्या लेखी नागपूर घरात आणि निपाणी बाहेर, कारण निपाणी कर्नाटकात. स्वतःच्या वेबसाइटवरून राज्यातल्या राज्यात विकलंस, तर वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. राज्याबाहेर करपात्र माल पाठवायचा म्हटलं, की एरवी पहिल्या ऑर्डरपासून नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यात सूट आहे. वाकळ त्यात बसते का, हे कोल्हापुरात एखाद्या सीएला शंभर प्रश्नांतला पहिला प्रश्न म्हणून विचार. तोवर दुकान महाराष्ट्रापुरतंच उघडं ठेव. राज्य निवडून डिलिव्हरी बंद-चालू करायची सोय बहुतेक चांगल्या प्लॅटफॉर्मवर असते. छोट्या दुपट्यांना मात्र सोपं झालंय. १ ऑक्टोबर २०२३ पासून अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या ठिकाणीसुद्धा राज्यातल्या राज्यात विकायला, उलाढाल मर्यादेत असेल तर, जीएसटी नंबर लागत नाही. पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा. उद्यम नोंदणीही करून टाक, ती सरकारी साइटवर पूर्ण मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नकोस.

दोन-तीन प्लॅटफॉर्म चाचणीसाठी थोडे दिवस फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळतात. तिथं एकच वाकळ लाव, चांगल्या उजेडात काढलेले पाच फोटो, एक टाके जवळून दिसतील असा. मग आईच्या हातात तिचा फोन दे. तुझा नको, वायफाय बंद. तिला म्हण, 'ही वाकळ मागव.' आणि तू काही बोलू नकोस, नुसती बघत बस. ती कुठं थांबते, कुठं चष्मा वर करते, कुठं 'हे काय विचारतंय गं?' म्हणते, ते वहीत लिही. तुझी बहुतेक गिऱ्हाइकं आईच्या वयाची आहेत. माझ्या साइटवर आई पिनकोडच्या चौकटीपाशी अडली होती, कारण आधी ईमेल भरल्याशिवाय ती चौकट उघडतच नव्हती, आणि आईला कुठला ईमेल. मी त्या संध्याकाळी ईमेलची सक्ती काढून टाकली. मराठीत बटणं करता येत असतील तर कर. 'कार्टमध्ये टाका'पेक्षा 'पिशवीत घाला' आईला लगेच कळलं.

शनिवारी दुपारच्या गाडीनं येते. हवा काढायच्या दोन पिशव्या घेऊन येतेय, तू ती जांभळ्या काठाची मोठी वाकळ शिवून झाली असेल तर बांधू नकोस, आपण दोघी मिळून मोजू. आणि आईला आत्ताच काही सांगू नकोस, तिला पहिल्यांदाच बघू दे.