बटण कुणी बांधलं?

माझं घर दौलताबादला, किल्ल्याच्या पायथ्याशी. नोकरी वाळूज एमआयडीसीत, टूलरूममध्ये. आमच्याच गल्लीतला एक पोरगा ठेकेदारामार्फत तिथल्या प्रेसशॉपला लागला होता. रात्रपाळीत त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं डायखाली गेली.

पॉवर प्रेसला अंतर ठेवून दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय रॅम खाली येत नाही, त्यामुळे हात आपोआप बाहेर राहतात. त्या जुन्या प्रेसचं उजवं बटण मात्र पत्र्याचा तुकडा लावून टेपनं दाबून ठेवलेलं होतं. डाव्या हातानं स्ट्रोक मारायचा, उजव्यानं माल घालायचा-काढायचा.

चौकशी चहा थंड व्हायच्या आत उरकली. ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहून सह्या झाल्या. टेप तर त्याआधीच गायब होती. दुसऱ्याच दिवशी पोराला पट्टीच्या हातानं गेटवर पंच करायला लावून स्टोअरमध्ये स्टुलावर बसवलं. जखमी माणूस 48 तास कामावर येऊ शकला नाही, तर फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम 88 प्रमाणे सरकारला कळवावं लागायचं, ते टाळायला. असला हिशेब करणाऱ्यांची हुशारी मशिन सुधारायला का लागत नाही, देव जाणे.

खरी गोष्ट मला बसमध्ये पोरांकडून कळली. टेप त्यानं लावलीच नव्हती, तो लागायच्या आधीपासून होती. आणि शिफ्टचं टार्गेट ठरलं तेच बांधलेल्या बटणावर. दोन्ही हात लावले तर आकडा निघत नाही, आकडा निघाला नाही तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवतो.

म्हणून चौकशी करणाऱ्यांना माझं सांगणं आहे: जखमीला हलवल्यावर मशिन बंद करून जसंच्या तसं राहू द्या, फोटो काढा. जबाब ठेकेदारासमोर घेऊ नका. बिहारचा पोरगा असेल तर हिंदीत बोला. चूक कुणाची हे नंतर, आधी रोजचं काम कसं चालतं ते विचारा. शेजारच्या प्रेसही बघा. बोट थोडक्यात वाचलं असं कुणी आपणहून सांगितलं, तर त्याला मेमो देऊ नका, नाहीतर पुढचा तोंड उघडणार नाही. ‘काळजी घ्यावी’ हा उपाय नव्हे. बटण बांधलं तर प्रेस चालूच होणार नाही असं कंट्रोल बसवा, हात आत असताना रॅम थांबवणारा लाइट कर्टन लावा आणि टार्गेट नव्यानं काढा. मग महिन्या-दोन महिन्यांनी रात्री दोनला न सांगता चक्कर मारा. दिवसा सगळेच दोन्ही हात लावतात.

दुसऱ्याच्या शेडमधला अपघातही याच पद्धतीनं वाचावा. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूजमध्येच हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागून आत झोपलेले 6 कामगार गेले. त्या आठवड्यात प्रत्येक मालकानं आपल्या शेडमध्ये रात्री कोण झोपतं आणि कुलपाची किल्ली कुणाकडे असते, एवढं तरी विचारायला हवं होतं.